शांत झालेलं रक्त

रेमी पेलेतिएच्या छातीचा तिसरा एक्स-रे पडद्यावर आला आणि डॉक्टर आउने लाहतिनेन खुर्चीतून ताडकन उठली. दोन्ही फुप्फुसं पांढरी झाली होती, पण तिला उठवलं ते हातातल्या कागदानं. फ्लूचा विषाणू निगेटिव्ह. कालही निगेटिव्ह होता. कॅनडातल्या थंडर बे गावच्या त्या इस्पितळात तिनं बावीस हिवाळे काढले होते, सत्तरीची माणसं फ्लूतून उठून घरी जाताना आणि तिशीतली धडधाकट माणसं दोन दिवसांत हातातून निसटताना पाहिली होती. असं का होतं हे तिला पुस्तकांमुळे ठाऊक होतं, पण ते इतकं स्वच्छ आणि इतकं वेळेवर तिच्या हाती कधीच लागलं नव्हतं.

"लूझ, हे बघ!" तिनं नर्सला जवळजवळ ओढतच पडद्यासमोर आणलं. "विषाणू केव्हाच संपलाय. याला मारतंय ते याचं स्वतःचं रक्त. पांढऱ्या पेशी अजून लढताहेत."

"कुणाशी?"

"कुणाशीच नाही! तेच तर सांगतेय."

"डॉक्टर," लूझ हळूच म्हणाली, "त्याची आई दाराशी उभी आहे. एवढ्या आनंदानं नका सांगू."

आउने ओशाळली. ओदिल पेलेतिए, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी ठेंगणी बाई, तीन दिवस अंगातला जाड कोट न काढता बाहेरच्या बाकावर बसून होती. आउनेनं तिला समोर बसवलं आणि सोप्या शब्दांत समजावलं, की घरात चोर शिरला म्हणून पोलीस आले, चोर पळून गेला, पण पोलीस काही थांबत नाहीत. आता तेच भिंती फोडताहेत. स्टिरॉइडचा मोठा डोस देऊन त्यांना थांबवायचं.

ओदिलनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"आणि चोर गेलाच नसेल तर?"

"दोन तपासण्या झाल्यात, मादाम."

"तुमच्या तपासण्या झाल्यात," ओदिल म्हणाली, आणि तिनं सही केली.

सकाळी अकराला औषध शिरेत गेलं. दुपारी रक्तातल्या प्राणवायूचा आकडा एक्क्याऐंशीवरून चौऱ्याऐंशीवर आला, मग अठ्ठ्याऐंशीवर, आणि प्रत्येक आकड्यासरशी आउनेचं काळीज उडी मारत होतं. जेवण विसरून ती त्या यंत्रासमोर उभी होती, परीक्षेचा निकाल लागत असल्यासारखी. तिसऱ्या दिवशी घशातली श्वासाची नळी निघाली. पाचव्या दिवशी रेमी उशीला टेकून सूप पीत होता. बंदरावरच्या धान्याच्या कोठारात काम करणारा हा सत्तावीस वर्षांचा गडी भांडखोर म्हणून गावभर प्रसिद्ध होता. "जन्मल्यापासून नन्नाचा पाढा," आईच सांगायची. आता मात्र तो सुई टोचली तरी हसत होता. वॉर्डातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवून त्याला घरी पाठवलं.

एप्रिलमध्ये, सरोवरावरचा बर्फ फुटू लागला तेव्हा, मायलेक तपासणीला आले. रेमी नुसता तुकतुकीत दिसत होता. त्याचं रक्त नितळ होतं, छाती स्वच्छ होती. आउने खुशीत कागद आवरत असतानाच ओदिलनं मुलाला बाहेर जाऊन बसायला सांगितलं. तो लगेच उठला.

"बघितलंत?" दार लागल्यावर ओदिल म्हणाली. "का म्हणून विचारलंसुद्धा नाही. शेजाऱ्यानं गाडी मागितली, यानं किल्ली दिली. मुकादमानं याच्या मित्राला कामावरून काढलं, हा म्हणाला, बरं. डॉक्टर, माझा मुलगा कशालाच नाही म्हणत नाही."

"मरणाच्या दारातून आलेली माणसं निवळतात, मादाम."

"त्याचा उजवा तळवा बघा."

आउनेनं रेमीला परत आत बोलावलं आणि त्याचा हात दिव्याखाली धरला. अंगठ्याच्या बुडाशी बोटाच्या पेरभर लांबीची लाकडाची ढलपी आडवी रुतली होती. आठ दिवसांपूर्वीची, आई म्हणाली. भोवती लाली नव्हती, सूज नव्हती, पू नव्हता. मांसानं तिला नेटकी जागा करून दिली होती, पेन्सिलीला पेटी करून देतात तशी.

"दुखत नाही?"

"नाही."

"काढली का नाहीस?"

रेमी तिच्याकडे प्रेमळपणे बघत राहिला. "असू दे की," तो म्हणाला.

"औषधाचा परिणाम कधी कधी रेंगाळतो," आउने म्हणाली. आपला आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

"औषध बंद होऊन महिना झाला," ओदिल म्हणाली.

तेवढ्यात लूझ धावत आली. डार्या होलुबोविच, एकतीस वर्षांची शाळामास्तरीण, पहाटे भरती झालेली. छाती पांढरी, विषाणू दोनदा निगेटिव्ह, प्राणवायू एकोणऐंशी आणि उतरतोच आहे.

"अगदी रेमीसारखं, डॉक्टर!" लूझचे डोळे चमकत होते. "औषध तयार करू?"

आउने धावली. धावताना तिच्या छातीत रेमीच्या वेळचा, फेब्रुवारीतला तोच आनंद उसळला, आणि त्याच्या तळाशी काहीतरी थंड हललं. खाटेवर डार्याचं सगळं अंग आगीसारखं तापलं होतं, ओठ निळे पडले होते, श्वास फाटत होता. हे शरीर कशाशी तरी जिवाच्या आकांतानं झुंजत होतं. पुन्हा एकदा तपासायला हवं होतं, पण काय तपासायचं ते तिला माहीत नव्हतं. बाहेर डार्याचा नवरा दोन्ही मुलींना कवटाळून उभा होता. आकडा शहात्तरवर आला.

"डॉक्टर?"

"दे," आउने म्हणाली.

औषध शिरेत शिरलं. तासाभरानं आकडा ऐंशीवर आला, मग त्र्याऐंशी, शहाऐंशी. डार्याच्या कपाळावरची शीर मऊ पडली, मुठी एकेक बोट करून उघडल्या. लूझ मोठ्यानं हसली आणि डार्याच्या नवऱ्याला सांगायला धावली. आउनेलाही हसू आलं, आवरता येईना. ते तसंच चेहऱ्यावर घेऊन ती काचेच्या दारातून बाहेर बघू लागली.

समोरच्या दालनात पेलेतिए मायलेक कागदांची वाट बघत बाकावर बसले होते. रेमीनं मान वर केली. त्याला कुणी हाक मारली नव्हती. त्यानं वॉर्डाच्या दाराकडे बघून ओळखीचं स्मित केलं. ते आउनेसाठी नव्हतं. तिच्या खांद्याच्या जरा मागे, डार्याच्या खाटेकडे होतं. मग तो हलकेच बाजूला सरकला, आणि स्वतःच्या आणि आईच्या मध्ये त्यानं एका माणसापुरती जागा केली.