रतनबाईंच्या ओठांना आधी कोण?

मी एक जुना कप आहे. कान उडालेला, पण रतनबाईंचा! काष्टीच्या बाजारातून त्यांनी मला स्वतः निवडून आणलं. मित्रांनो, रोज सकाळी त्यांचे ओठ आधी मला लागायचे. "ह्या कपाबिगर चहा गोडच लागत न्हाई," असं त्या चारचौघींत सांगायच्या आणि मी फुगून जायचो.

मग त्यांच्या गळ्याला गाठ आली. नगरला ऑपरेशन झालं, थायरॉईडची ग्रंथी पूर्ण काढली. घरी येताना सोबत गोळ्यांची बाटली आली आणि फळीवर चक्क माझ्यापुढे बसली! सून मोनिकाने बजावलं, "आत्याबाई, उपाशीपोटी आधी गोळी. चहा तासाभरानं." तो तासभर मी रिकामा. एवढीशी गोळी, ना रंग ना चव, आणि तिचा मान किती! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

नवरात्र आलं. घटाला माळ घालून रतनबाई म्हणाल्या, "उपासात गोळी कशी चालंल? चहा तेवढा चालतो." अहाहा! पहिला मान पुन्हा माझा. दसऱ्यानंतरही त्यांनी बाटली उघडली नाही. "गाठच न्हाई, मग गोळी कशाला?" मी मनातल्या मनात बाटलीला वाकुल्या दाखवल्या.

दिवाळी जवळ आली तशा रतनबाई सुस्तावल्या. चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, उन्हातही थंडी वाजू लागली. एके सकाळी मला हातात धरून त्या नुसत्याच बसल्या. चहावर साय आली, तरी घोट घेईनात. मी घाबरलो. मोनिकाने बाटली हलवून पाहिली.

"अगं बाई! हिच्यात तर गोळ्या तशाच पडून हायत! आत्याबाई, गोळी कधीपासनं सोडली?"

"घट बसल्यापासनं," त्या पुटपुटल्या.

मोनिकाने त्यांना तडक दवाखान्यात नेलं. रक्त तपासून डॉक्टरांनी खडसावलं, "ग्रंथीचं काम आता ही गोळीच करते. रोज घ्यायची, जन्मभर. अहो, ती उपाशीपोटीच घ्यायची असते, मग उपवासाशी तिचं भांडण कसलं?"

परतल्यावर मोनिका ते पुन्हा समजावून सांगत होती, म्हणून मला कळलं. गोळी पुन्हा रोज सुरू झाली आणि हळूहळू रतनबाईंचा आवाज मोकळा झाला. मी आजही जळतो, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, तुमच्या घरी कुणाला अशी गोळी असेल, तर ती मनानं बंद करू देऊ नका. सकाळी आधी तिचीच बाटली उघडा. मी तासभर थांबतो.