दोन मजल्यांमध्ये अडकलेले मत

विधानभवनाच्या पूर्वेकडच्या जिन्याला लागून लोखंडी सरकत्या जाळीची एक लिफ्ट आहे ना, ती मी. मित्रांनो, माझे पितळी कठडे तुमच्या पणजोबांच्या काळातले आहेत. माझे सुटे भाग दूरच्या शहरातल्या कारखान्यातून रेल्वेने आले आणि इथे, अमेरिकेतल्या या दुधातुपाच्या राज्यात, मला उभे केले गेले. तेव्हा लोक केवळ माझ्यात बसायला सहकुटुंब येत. आमदार पाहुण्यांना माझा कठडा दाखवत. मी खूश होऊन वरखाली करत असे.

पुढे पश्चिमेला नव्या चकचकीत लिफ्टा आल्या आणि माझ्याकडे फारसे कुणी फिरकेना. देखभाल करणारा रॉइस तेवढा अधूनमधून माझ्या चाकांना तेल घालायचा. "म्हातारे, तुझे दोर बदलायला हवेत गं," असे म्हणून उसासा टाकायचा. अखेर यंदाच्या अर्थसंकल्पात माझ्या दुरुस्तीसाठी पैसे धरले गेले. पण गव्हर्नरसाहेबांनी सही करण्याआधी काही बाबींवर काट मारली. तिला व्हेटो म्हणतात. त्या कात्रीत मी सापडले. आणखी एक मोठी बाब सापडली. कागदपत्रे नाहीत म्हणून पकडून कोठडीत ठेवलेल्या परदेशी माणसांना वकील मिळावा, यासाठीचे ते पैसे होते. अशांना सरकार फुकट वकील देत नाही. न्यायाधीशासमोर ती एकटीच उभी राहतात.

विधिमंडळाला ती काट पुसता येते, पण त्यासाठी सभागृहातल्या एकूण आमदारांपैकी दोन तृतीयांश मते लागतात. वकिलांच्या बाबतीत एकच मत कमी पडत होते. सगळ्यांचे डोळे लागले होते व्हर्ना स्टेन्सरुड यांच्याकडे. त्या गव्हर्नरांच्याच पक्षाच्या. घरी गाई, गुडघ्यात संधिवात. गुडघ्यामुळेच त्या मला सोडत नसत. पश्चिमेच्या लिफ्टा त्यांना लांब पडत.

मतदानाच्या दिवशी व्हर्नाबाई काठी टेकत माझ्यात शिरल्या. मागोमाग त्यांच्या पक्षाचे प्रतोद ह्यू टार्लटन घुसले. प्रेक्षकांच्या सज्जात बसायला निघालेली एक तरुणी आधीपासून कोपऱ्यात उभी होती. तिचे नाव डेल्मिरा. ती खानावळीत भांडी घासायची.

"व्हर्नाबाई, साहेबांनी काट मारली म्हणजे मारली," ह्यू म्हणाले. "तुम्ही फक्त विरोधाचं लाल बटण दाबा."

"बघते."

"बघायचं काय त्यात?"

एवढ्यात माझा दोर अडला. मी जोरात हिसका देऊन दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधोमध थांबले. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. वर मतदानाची घंटा घणघणू लागली.

व्हर्नाबाईंनी धोक्याची कळ दाबली. ह्यू मात्र हसले. "सुटलो! आता लालही दाबायला नको. तुम्ही हजर नाही म्हणजे एक मत कमीच. निवांत उभ्या राहा."

कोपऱ्यातून हुंदका आला. व्हर्नाबाई वळल्या. "काय झालं गं? घाबरलीस?"

"लिफ्टला नाही घाबरले, बाई," डेल्मिरा म्हणाली. "माझा भाऊ आन्सेल्मो कोठडीत आहे. गोठ्यावर दूध काढायचा. गाडीचा मागचा दिवा फुटला होता, म्हणून पोलिसांनी थांबवलं आणि कागदपत्रं नाहीत म्हणून तसाच कोठडीत पाठवला. पुढच्या आठवड्यात कोर्टात उभं राहायचंय. त्याला इंग्रजी धड येत नाही."

"आणि वकील?"

"कुठून आणू?"

ह्यू कसनुसे झाले. "असे शेकडो आहेत, व्हर्नाबाई."

"तेच म्हणते मी," बाई ताडकन म्हणाल्या. "परवा शेजाऱ्याशी भांडण झालं तेव्हा मी वकील केला होता, ह्यू. कशासाठी? कुंपणासाठी! कुंपणाला वकील, आणि माणसाला नाही?"

वरून रॉइसचा आवाज आला, "हातानं चाक फिरवतोय, बाई! धीर धरा!"

मी इंचाइंचाने वर सरकले. अर्धी तिसऱ्या मजल्यावर पोचले आणि पुन्हा अडले. रॉइसने धावत येऊन जाळी उघडली. बाहेरची फरशी बाईंच्या कमरेइतकी उंच होती. डेल्मिरा चटकन वर चढली, पण बाईंचा गुडघा वाकेना.

"ह्यू, खाली बस."

"अहो, पण तुम्ही तर..."

"मत कसं द्यायचं ते मी बघते. तू फक्त मला वर चढव."

ह्यू क्षणभर माझ्या कठड्याला धरून उभे राहिले. मग कडक इस्त्रीची पँट सावरत एका गुडघ्यावर बसले. त्यांच्या मांडीवर पाय ठेवून बाई चढल्या. रॉइसने एक हात धरला, डेल्मिराने दुसरा.

"थांबा! मी आलेय!" बाईंचा आवाज साऱ्या मजल्यावर घुमला. डेल्मिरा सज्जाकडे धावली आणि सभागृहाची दारे मिटली. मी ताटकळत राहिले. माझ्यातच बसून ह्यू पँट झटकत होते.

मग सज्जातून आरोळी उठली. टाळ्या, शिट्ट्या, रडणे, सगळे एकदमच. डेल्मिरा धावत बाहेर आली आणि जिन्याच्या पायरीवर मटकन बसली. "झालं," एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिचा तो सुटकेचा श्वास ऐकून माझाही ताण उतरला.

पुढच्याच बैठकीत माझ्या दुरुस्तीवरची काटही पुसली गेली. तो ठराव मांडला खुद्द ह्यू टार्लटन यांनी! सभागृह खो खो हसले म्हणे.

माझे दोर बदलले, जाळी घासली गेली. पानगळीच्या सुमारास डेल्मिरा एका सडपातळ माणसाला घेऊन आली. तो आन्सेल्मो. वकिलाने बाजू मांडली, न्यायाधीशांनी ऐकून घेतले आणि तो घरी परतला होता. व्हर्नाबाई त्याला सभागृह दाखवणार होत्या. पण माझी लोखंडी जाळी पाहून तो उंबऱ्यावरच थबकला. चेहरा पांढरा पडला.

बाईंनी घाई केली नाही. म्हणाल्या, "जाळी तूच लाव. वर गेल्यावर तूच उघड."

मित्रांनो, जुन्या वस्तूंना वेळेवर तेलपाणी करा. आमच्या आत कुणाचे काय अडकलेले असेल, सांगता येत नाही. आणि मागून कुणी येत असेल तर दार धरून ठेवा.

त्या दिवशी मी कधी नव्हे इतकी अलगद चढले. तिसरा मजला आला. आन्सेल्मोने जाळीला हात घातला, ती स्वतः सरकवली आणि तो बाहेर उजेडात गेला.