प्रेरणाचा राहिलेला धडा

माझं डोकं तसं लवकर तापतंय. औरादच्या बाजूच्या आमच्या गावात बालवाडी चालवते मी. ही सुगंधाबाई लेकरांपेक्षा लेकरांच्या आयांवरच जास्त वरडती, हे सगळ्या गावाला ठावं हाय. त्या सकाळी मंगल मोबाइल घिऊन बालवाडीच्या दारात आली.

मंगलची प्रेरणा आमच्याच बालवाडीत होती. दिवाळी झाल्यावर तिला डेंगीचा ताप आला, बिदरला नेलं, आणि पोरगी वापस आलीच न्हाई. कसलं ग्वाड लेकरू! आता संक्रांतबी उलटून गेलती.

"अक्का, हे काय हाय? आता रोजच यायलंय," म्हणत मंगलनं कालचा निरोप लावून मोबाइल माझ्या कानाला धरला. आतून पुण्याकडची एक बाई बोलायलती, "अभिनंदन! आज आपल्या पाल्याने, प्रेरणाने, बेरजेचा तिसरा धडा पूर्ण केला. तिचं कौतुक करा."

माझ्या अंगावर काटाच आला. एका संस्थेनं आमाला टॅब दिलेत. अक्षरं, आकडे, समदं त्याच्यावरच. लेकरानं आपल्या फोटोवर बोट ठिवलं की टॅब नाव घिऊन हाक मारतंय आणि धडा सुरू होतंय. दिवस बुडताना आईच्या मोबाइलवर निरोप जातंय. टॅबमधला प्रेरणाचा फोटो मी काढून टाकला नव्हता. हातच धजला न्हाई.

"कुणी केलं रं हे?" मी असं वरडले की लेकरं चिडीचूप झाली. मग प्रतीक्षा उठली. ही प्रेरणाची जिवाभावाची मैत्रीण, दोघी एकाच डब्यात जेवायच्या.

"बाई, आमी पाळीपाळीनं करायलाव."

"कामून?"

"ती बिदरला दवाखान्यात हाय न्हवं? वापस आल्यावर मागं पडंल की!"

लेकरांना असंच सांगितलतं सगळ्यांनी. मीबी तेच सांगितलं. बिदरला गेलीय, डॉक्टरकडं हाय. दुसरं काय सांगावं एवढ्याएवढ्या लेकरांना? तेनी ते खरं धरलं आणि आपल्या मैत्रिणीचा अभ्यास करत बसली.

मी टॅब वडून घेतला. म्हणलं, हे नाव आधी काढून टाकते. तर मंगलनं माझं मनगटच धरलं.

"राहू द्या अक्का. घरात तिचं नाव कुणीच घेईना झालंय. प्रेरणाचे बाबा बिदरजवळच्या कोळारच्या गोदामात कामाला, आठवड्याला येतेत, जेवतेत, आणि भिताडाकडं तोंड करून झोपतेत. सासू म्हणती, नाव काढू नको, मन कच्चं होतंय. दिवस बुडाल्यावर ह्यो मोबाइल तेवढा माझ्या लेकराचं नाव घेतंय."

"अगं पण खोटं हाय ते, मंगल."

"मला कळत न्हाई व्हय?" म्हणली आणि पदरानं तोंड पुसत शेताकडं गेली. मला लई वाईट वाटलं. त्या दिवशी मी एकाबी लेकरावर वरडले न्हाई.

मग ते तसंच चालू राहिलं. प्रेरणाच्या पाळीवरून लेकरं भांडायची सुदीक. "काल तू केलास, आज माझी पाळी." मी कानाडोळा करायची. आणि एखाद्या दिवशी कुणीच केलं नसलं तर बाकीची लेकरं घरी गेल्यावर मीच तिच्या फोटोवर बोट ठिवायची.

उन्हाळा तोंडावर आला तवा संस्थेचे रविकुमार सर आले. बोलता बोलता म्हणले, "बाई, शेवटचा धडा झाला की त्या लेकराचं खातं आपोआप बंद होतंय. मग आईला निरोप जात न्हाईत."

मी चप्पल घालून थेट मंगलचं घर गाठलं. ऐकलं तशी तिनं माझे हात धरले.

"तेवढा एक धडा राहू द्या अक्का. तुमच्या पाया पडते. रोज मागचाच एखादा करू द्या, पण शेवटचा नको."

मी शब्द दिला. दुसऱ्या दिवशी लेकरांना दम भरला, की प्रेरणाच्या शेवटच्या धड्याला कुणी बोट लावलं तर बघा! एकेका लेकराचा शेवटचा धडा होत गेला. टॅब म्हणायचं, "शाब्बास! आता तू पहिलीत जायला तयार आहेस." सगळी टाळ्या पिटायची, मीबी पिटायची.

सुट्ट्या लागायच्या दिवशी समदी लेकरं घरी पळाली. प्रतीक्षा आणि तिच्यासाठी थांबलेली दोनतीन पोरं तेवढी हलंनात.

"बाई, प्रेरणाचा राहिला."

"राहू दे."

"मग आमी सगळे पहिलीत जाऊ, आन् ती आल्यावर एकटीच हितं बसंल?"

"गप म्हणलं ना एकदा!"

पोरीनं व्हट काढला. हुंदके देत म्हणली, "तिला एकटीला भ्या वाटतंय, बाई."

मंगल दारात कवा येऊन उभारली ते मला कळलंच न्हाई. कामावरून वापस जायलती, डोक्यावर गवताचा भारा होता. तिनं तो भाईरच टाकला, आत आली आणि पोरांजवळ सतरंजीवर बसली.

"कर बाळा. कर तिचा धडा."

"अगं मंगल, बंद होईल ते!"

"होऊ द्या अक्का. माझ्यापायी लेकराला कवर मागं ठिवू?"

प्रतीक्षानं नाक पुसलं, फोटोवर बोट ठिवलं. "ये प्रेरणा, सुरू करूया," टॅब म्हणलं. पोरं वाकून बघायलती, एकमेकाला उत्तर सांगायलती. एकदा चुकलं, परत केलं, मग जमलं. "शाब्बास प्रेरणा! आता तू पहिलीत जायला तयार आहेस." पोरांनी टाळ्या पिटल्या. मंगलनंबी पिटल्या.

मग तिनं प्रतीक्षाला मांडीवर घेतलं. "प्रेरणा येणार न्हाई, बाळा. तापात वारली ती. दवाखान्यातच वारली." तिच्या तोंडून हे मी पयल्यांदा ऐकलं.

पोरगी तिच्या तोंडाकडं बघतच राहिली. "मग आमी कुणाचा धडा करायलतो?"

मंगलनं पोरीला छातीशी धरलं. मी भाईर जाऊन नळाजवळ उभारले आणि पोटभर रडले.

शेवटचा निरोप त्याच दिवशी गेला. दुसऱ्या दिवशी दिवस बुडायला आला, तशी मला घरात चैन पडंना. आता तिकडं मोबाइल गप असंल, हेच डोक्यात. चूल तशीच टाकून मी तिच्या गल्लीत गेले. आधी सगळी गल्ली मंगलला प्रेरणाची आई म्हणूनच हाक मारायची. पोरगी गेली तशी एकेक जण मंगल म्हणाय लागले. मीबी. तिला दुखू नये म्हणून.

बाया वट्ट्यावर बसलत्या. मी गल्लीच्या तोंडाला उभारून, बालवाडीत वरडते तसंच वरडले, "आगं ए प्रेरणाच्या आई! हायस का घरात?"

बाया वळून बघाय लागल्या. एकीनं तर मला डोळे वटारले. आत भांडं खाली ठिवल्याचा आवाज आला.

"व्हय अक्का," ती आतून म्हणली. "हाय की. आले."