जिथे पैलतीर संपतो

अमरकंटकची पहाट धुक्याची. सालवृक्षांच्या उंच, निश्चल, ध्यानस्थ रांगांमधून धुकं पांढऱ्या पावलांनी उतरत होतं. आणि त्या शुभ्र मौनाच्या तळाशी, दवाने वाकलेल्या गवतात, नर्मदा वाहत होती. वीतभर रुंद. तान्ह्या मुलाच्या श्वासाएवढा तिचा आवाज.

पुरुषोत्तमराव काठावर थबकले. हात आपोआप जुळले. हीच का ती?

हीच. ओंकारेश्वरला तिचं जल कुपीत भरून ते आणि मालिनीबाई जीपने निघाले होते. तिला सदैव उजव्या हाताला ठेवून, तिला कुठेही न ओलांडता. ओलांडली की परिक्रमा खंडित, हा नियम. सागरसंगमावर होडीतून तिच्या मुखाला वळसा घालताना पैलतीर दिसलाच नव्हता. नुसतं पाणी होतं, करडं, अपार, आकाशाला टेकलेलं पाणी. त्या महासरितेचं हे बाळरूप. तिथे डोळा पुरला नव्हता. इथे पापणी लवायला भीती वाटत होती.

आणि मग धुकं जरासं विरलं, आणि पैलतीर दिसला.

तिथे एक बाई उभी होती. जांभळी शाल, हातात स्टीलचा थर्मास, केसांत दव.

"ही इथे कशी?" पुरुषोत्तमरावांचा आवाज खाली गेला.

"मीच कळवलं," मालिनीबाई म्हणाल्या. "बिलासपूर काय लांब आहे? काल संध्याकाळीच येऊन धर्मशाळेत राहिलीय."

वैजू. त्यांची एकुलती लेक. तिने आपल्या मनाने लग्न केलं तेव्हा ते म्हणाले होते, या घरात पाऊल टाकू नकोस. ती म्हणाली होती, तुम्ही हाक मारल्याशिवाय टाकणार नाही. दोघांनीही आपला शब्द पाळला. वर्षं वाहून गेली, पाण्यासारखी, पाण्यासारखीच मुकाट्याने; आणि दोन तीर तसेच राहिले, समोरासमोर, अभंग, एकाकी.

जीपचा चालक गोरख मागून हात चोळत आला. "काका, एक टांग टाकली की पलीकडे. आमच्या मळ्यातला पाट मोठा आहे हिच्यापेक्षा."

"गप रे मेल्या! टांग टाकली तर सगळं पहिल्यापासून. नेशील परत समुद्रापर्यंत?"

"नको काकू. टायरांत तेवढा जीव नाही राहिला," गोरख म्हणाला, आणि हसत जीपकडे वळला.

वीतभर पाणी. अलीकडे व्रतबद्ध पाय, पलीकडे शब्दबद्ध पाय. मधून वाहणारी ती, नुकती जन्मलेली, युगानुयुगांची जुनी, दोघांकडेही न पाहणारी.

"आपण मुळाला वळसा घालून पलीकडे जाणारच आहोत," पुरुषोत्तमराव पुटपुटले. "मग भेटेलच."

"तोवर थांबेल ती? न बोलता निघालात, तर ती आल्या वाटेने परत जाईल. तुमचीच पोर आहे." मालिनीबाई नवऱ्याकडे न पाहता पाण्याकडे पाहत होत्या. "वाटेत गावोगाव कन्यापूजन केलंत. अनोळखी पोरींचे पाय धुतलेत, नर्मदामैया म्हणून डोकं टेकलंत. ही तेवढी कोण हो?"

"नियम आहे, मालू."

"तो पायांना. आवाजाला नाही."

त्यांनी कुपी छातीशी धरली. "आणि मी हाक मारली, आणि ती नाही आली तर?"

सालाच्या पानावरून एक थेंब सुटला आणि पाण्यात पडला. त्याचं वलय ऐलतीराला लागलं, पैलतीराला लागलं, आणि मिटलं.

"वैजू."

हाक गवतातच अडकली. त्यांनी पुन्हा श्वास घेतला; इतक्या वर्षांच्या तळातून घेतला.

"वैजू! चल, बाळा. वर चल, मुळाकडे. बरोबर चल."

पलीकडची शाल हलली. थर्मास एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

"बाबा," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "चहा आणलाय. गवती चहा घातलेला. गार व्हायच्या आत पोचू या."

मग ते चालू लागले. पिता या तीराने, कन्या त्या तीराने, मागून आई. आणि मधे नर्मदा, उजव्या हाताला नर्मदा. ते खोकले की ती थांबे. ती वळून पाही की ते पाऊल उचलत. धुक्यातून कोवळं, केशरओलं ऊन झिरपू लागलं. वीतभर पाणी चार बोटं झालं, चार बोटांचं एक बोट झालं, बोटाचा रुपेरी धागा झाला. धागा शेवाळात शिरला, आणि नुसता ओलावा उरला, हिरवा, थरथरता, पवित्र ओलावा.

आणि त्याच्या माथ्याशी, दगडांच्या कुशीत, ओंजळभर खळगा. तळातून एक बुडबुडा उमलत होता, फुटत होता, पुन्हा उमलत होता.

तिथे ओलांडायला काही नव्हतं. वैजू खळग्याच्या वरच्या अंगाने वळली आणि त्यांच्याजवळ येऊन बसली. थर्मासचं झाकण उघडलं, वाफ धुक्यात मिसळली. पुरुषोत्तमराव वाकले. त्या ओंजळभर आरशात एक पांढरं मस्तक दिसलं, एक जांभळी शाल दिसली, वर सालाचं एक पान दिसलं. मग बुडबुडा आला, सगळं हललं, सगळं एक झालं. ऐल नव्हतं, पैल नव्हतं. होतं फक्त पाणी, जन्मणारं पाणी, आणि समुद्रापर्यंतची सारी वाट.