मागाच्या खड्ड्यातला तांब्याचा पत्रा

"तहान लागली का तुले? पी बापा, पी. जन्मभर या खड्ड्यात मी पाण्याचा थेंब पडू देला नाही, अन् आता बादल्या ओतून राहिलो."

उन्हाळ्यात रोज सकाळी हे पुटपुटणं माझ्या डोक्यावरच्या नळीतून खाली यायचं, पाठोपाठ पाणी. पुटपुटणारे रुपरावजी. टांडापेठेतले जुने विणकर.

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा पत्रा आहे. त्याआधी मी याच घरातल्या घंगाळाचा तळ होतो. घंगाळ गळू लागलं, तेव्हा कासाराने मला कापून, ठोकून सपाट केलं. आता भांड्यांच्या फळीवर पडून राहू, असं मला वाटलं होतं. पण आराम माझ्या नशिबी नव्हता.

रुपरावजींचा मुलगा ताराचंद कोराडीच्या वीजकेंद्रात नोकरीला लागला. रुपरावजींचा हातमाग बंद पडला होता. त्याची लाकडं सोडून भिंतीशी रचली, वर गोधड्यांची चळत आली. घर फार गप्प झालं. मग ताराचंदने तबकड्या वाजवायचं विजेचं यंत्र आणलं, मोठ्या भोंग्याचं. पण गाण्याआधी घूंऽऽ असा आवाज निघे. दिवा लावला की कडाड्‌!

"वीज बनवते कोराडीत, अन् घरी भुंगे पाळते," रुपरावजी म्हणाले.

केशव वायरमन आला. लाकडी पट्टीवरच्या वायरी त्याने हाताने कुस्करल्या, तर वरचं कापड भुग्यासारखं गळलं. "भाऊ, हे सगळं बदला. यंत्राले मीटरपासून वेगळी लाईन द्या. अन् अर्थिंग पाहिजे. तांब्याचा पत्रा जमिनीत खोल गाडा."

घरात सगळीकडे फरशी. उघडी माती एकाच जागी होती. मागापुढचा खड्डा. त्यात पाय सोडून रुपरावजींनी आयुष्यभर लुगडी विणली होती.

केशवने त्या खड्ड्याकडे बोट दाखवलं. मग रुपरावजींनीच विचारलं, "काऊन गा केशव, पत्रा पुढं काढता येते ना?"

"हो बाबाजी."

"दिवाळीले माग लावायचा आहे. ताराचंद?"

"पाहू बाबा," ताराचंद म्हणाला.

मीठ, कोळसा, माती अशा थरांत मला गाडलं, वर पाणी घालायला एक नळी ठेवली. त्या दिवशी तबकडी लागली आणि शेजारची शामला ताराचंदच्या बायकोला ओरडून म्हणाली, "अवं गोपिका, गाणारी बाई श्वास घेते तेही आयकू येते!" सगळ्यांनी यंत्राची तारीफ केली. घरातली भरकटलेली वीज गुपचूप जमिनीत सोडणारा मी. माझं नाव कोण घेणार? गाणं मला नीट ऐकूही यायचं नाही, नुसती थरथर पोचायची.

माती सुकली की घुंई परत येई, म्हणून पाणी घालावं लागे. ते काम रुपरावजींनी स्वतःकडे घेतलं. दर दिवाळीला ते विचारत. दर दिवाळीला उत्तर येई, "पाहू बाबा."

यंदा पाणी घालूनही घुंई थांबेना. केशवने मला उकरून काढलं. ज्या मिठाच्या जोरावर मी काम केलं, त्यानेच मला खाल्लं होतं. चाळणी झालेला मी फरशीवर पडलो. मित्रांनो, तुमच्याही घराखाली माझ्यासारखा कोणी असेल. दिसत नाही म्हणून त्याला विसरू नका. उन्हाळ्यात पाणी द्या, अधूनमधून उकरून बघा. आम्ही थकतो, पण सांगायला आम्हाला तोंड नाही.

केशव नवा पत्रा घासत होता. तेवढ्यात रुपरावजी आले, खड्ड्याच्या काठावर टेकले आणि त्यांनी पाय आत सोडले.

"खड्डा मोकळा झालाच आहे, तर लावूनच टाकू. ताराचंद, गोधड्या उचल. लाकडं काढ."

ताराचंद भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाकडे पाहत राहिला. "पाहू बाबा."

"तू पाहत बस. मीच काढतो."

त्यांनी काठावर दोन्ही तळवे टेकून जोर लावला. उठता येईना. पुन्हा लावला. सुजलेली पावलं खड्ड्यात नुसती हलली. केशव घासता घासता थांबला. ताराचंदची नजर बोर्डावरून हटली नाही.

स्वयंपाकघरातून सून आली, गोपिका. सासऱ्यासमोर ती कधी बसत नसे. आज पदर सावरून ती त्यांच्या शेजारी, त्याच काठावर बसली.

"मामाजी," ती म्हणाली, "माग आता पुन्हा उभा होत नाही. आमाले कधीचंच मालूम आहे. तुमाले सांगाची हिंमत नव्हती, एवढंच."