गुरुवारी पाचची प्रत

जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी धान्यकोठाराच्या ऑफिसातला कॉम्प्युटर अडून बसला. काट्यावर ट्रक चढायचा, वजन दिसायचं, पण पावती काही छापली जाईना. पडद्यावर एकच ओळ: डिस्क भरली आहे. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. सात ट्रक इंजिनं चालू ठेवून रांगेत उभे, आणि एकेक ड्रायव्हर आत येऊन मॅनेजर ड्वेन शॅट्सला चार शब्द सुनावून जात होता. शेवटी ड्वेननं ऑरिनला फोन लावला.

"असशील तसा निघ बाबा. हे लोक मला सोलून काढतायत."

ऑरिन ट्वेट त्रेसष्ट वर्षांचा. तीस वर्षं त्यानं नॉर्थ डकोटातल्या याच गावच्या शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर आसपासच्या लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायला लागला. ड्वेन हा त्याच्या धाकट्या बहिणीचा, मार्लिसचा नवरा. दर रविवारी चर्च सुटलं की ऑरिन त्यांच्याकडेच जेवायचा.

आल्या आल्या त्यानं फुटकळ फायली पुसल्या आणि पावत्या सुरू करून दिल्या. ड्वेननं सुस्कारा सोडला. "झालं ना? जा आता घरी."

"झालं कुठलं. उद्या परत भरेल. डिस्क पाचशे जीबीची आहे, आणि तुझ्या सगळ्या फायली मिळून एकशे ऐंशी होतायत. बाकीची जागा कोण खातंय?"

"मास्तर तो मास्तरच राहिलास. बेरीज जुळली नाही की तुला घास उतरत नाही," असं म्हणून ड्वेन हसत हसत काट्याकडे गेला.

ऑरिननं कचऱ्याची टोपली पाहिली, ती रिकामी होती. लपवलेल्या फायली दाखवायला लावल्या, त्यात जेमतेम बारा जीबी निघाले. मग मशीनचे पूर्ण अधिकार घेऊन त्यानं डिस्कचा कोपरान् कोपरा मोजायला लावला. वीस मिनिटांनी उत्तर आलं. सिस्टिमनं स्वतःसाठी राखलेल्या, एरवी मालकालाही न उघडणाऱ्या फोल्डरात दोनशे नव्वद जीबी जुन्या प्रती साठल्या होत्या.

तेव्हा त्याला आठवलं. तीन वर्षांपूर्वी व्हायरसनं इथल्या सगळ्या नोंदी खाल्ल्या होत्या, त्यानंतर त्यानंच ही सोय करून दिली होती. दर गुरुवारी संध्याकाळी पाचला मशीननं आपल्या फायलींची आहे तशी प्रत दडवून ठेवायची. तिला मर्यादा घालायचं राहून गेलं होतं. कॅमेऱ्यांचं चित्रीकरण इथं दहा दिवस राहायचं आणि मग आपोआप पुसलं जायचं; पण पुसण्याआधी जे गुरुवारच्या प्रतीत सापडलं, ते तिथंच राहिलं होतं.

न बघता काही पुसायचं नाही, हा त्याचा नियम. तारखांची यादी खाली सरकवता सरकवता त्याचा हात थांबला. ऑक्टोबर, एकोणीस.

ही तारीख गावात कुणाला सांगावी लागत नव्हती. त्या गुरुवारी दुपारी कर्टिस फोल्क तीन नंबरच्या कोठीत उतरला होता. बारा वर्षं कोठारावर काम केलेला माणूस. कडेला घट्ट बसलेला मका काठीनं मोकळा करत असताना मका बाहेर उपसणारा खालचा पट्टा सुरू झाला आणि मक्यानं त्याला आत ओढलं. बाहेर काढायला चार तास लागले. आत उतरण्याआधी बटणांच्या फळीवर 'आत माणूस आहे' अशी लाल पाटी लावायची असते. ती भिंतीवरच्या खुंटीला सापडली. कर्टिस पाटी लावायला विसरला, असं ठरलं. फळीसमोरचा कॅमेरा आठवडाभर बंद होता, असं ड्वेननं तपासणी अधिकाऱ्याला सांगितलं होतं. कॅमेरा बंद होता तर मला कसं बोलावलं नाही, असं ऑरिनच्या मनात तेव्हा येऊन गेलं होतं. पण ड्वेन खचलेला, बहिणीच्या घरात रडारड चाललेली; असलं काही कोण विचारतं?

त्यानं दार लोटलं आणि फाईल उघडली.

दोन वाजून चौदा मिनिटांनी कर्टिस फळीपाशी आला. लाल पाटी अडकवली, नीट बसली का ते हलवून पाहिलं आणि शिडीकडे गेला. दोन एकतीसला ड्वेन आला. कानाला फोन, दुसऱ्या हातानं बाहेरच्या ट्रकला 'आलो, आलो' अशा खुणा. बोलता बोलताच त्यानं पाटी काढली, खिशात घातली, बटण दाबलं आणि निघून गेला. तो परत आला तेव्हा पळत आला. बटण बंद करून तो शिडीकडे धावला. नऊ मिनिटं चित्रात कुणी नव्हतं. मग तो पुन्हा आला, कपाळ फळीला टेकवून उभा राहिला. खांदे हलत होते. थोड्या वेळानं त्यानं इकडेतिकडे पाहिलं, खिशातून पाटी काढली आणि खुंटीला लावली.

ऑरिननं ते दुसऱ्यांदा पाहिलं नाही. आपली छोटी डिस्क जोडून प्रत घेतली आणि ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

ड्वेन कॉफीचे दोन कप घेऊन आत आला. "सापडला का चोर?"

ऑरिननं पडदा त्याच्याकडे वळवला. ड्वेननं कप टेबलावर ठेवायला घेतले, एक कलंडला. कॉफी पावत्यांवर पसरली तरी दोघांपैकी कुणी हात पुढे केला नाही.

"मी पुसलं होतं," ड्वेन म्हणाला. "शेरीफ गेल्यावर, रात्री आठला."

"प्रत पाचला निघाली."

"मला वाटलं तो वर आलाय. शपथेवर सांगतो, ऑरिन, पाटी काढायची राहून गेली असेल असं वाटलं मला. रांग होती, फोन होता..."

"ती चूक झाली, मान्य. नंतर खुंटीला लावलीस ती?"

ड्वेन खुर्चीत बसला. "मार्लिस मरेल रे."

"प्रेत घरात असताना जोलीनला तू तोंडावर सांगितलंस की तिचा नवरा विसरला."

"हो. सांगितलं."

"मी तुझ्या शेजारी उभा होतो. मीही मान हलवली."

बाहेर हॉर्न वाजला. ड्वेननं माऊसकडे हात नेला. ऑरिन म्हणाला, "पूस हवं तर. एक माझ्या खिशात आहे." ड्वेनचा हात तसाच राहिला.

जोलीन फोल्क शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. ऑरिन पोचला तेव्हा ती मोठे ट्रे घासत होती. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि नळ बंद केला.

"काय झालं, मिस्टर ट्वेट?"

"जोलीन, त्यानं पाटी लावली होती."

 ओले हात ॲप्रनला पुसत ती म्हणाली, "मी सांगत होते सगळ्यांना. घरातला दिवा बदलायचा तरी तो मेन स्विच बंद करायचा. कुणी ऐकून घेतलं नाही. शेवटी शेवटी मलाच शंका यायला लागली होती. रात्री पडल्या पडल्या मी त्याच्यावर चिडायचे, की इतका कसा रे विसरलास." ॲप्रनची गाठ सोडत तिनं विचारलं, "कुणी काढली?"

त्यानं नाव सांगितलं. चित्रीकरण तिनं पाहायला नकार दिला. "तुम्ही पाहिलंत ना? बास."

ऑरिननं डिस्क स्वतः गाडीनं दीडशे मैलांवर नेऊन तपासणी अधिकाऱ्याच्या हातात दिली. निघण्यापूर्वी तो बहिणीकडे गेला होता. मार्लिसनं दार अर्धंच उघडलं. "आधी मला विचारायचंस," ती म्हणाली.

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"म्हणाले असते. बहीण आहे मी तुझी."

दार लागलं. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. ड्वेननं कोर्टात काहीच नाकारलं नाही. त्याला चौदा महिन्यांची शिक्षा झाली. मार्लिस घर विकून फार्गोला मुलीकडे गेली. कोठारावर नवा मॅनेजर आला, त्यानं कॉम्प्युटरसाठी शहरातला माणूस ठरवला.

मे महिन्यात जोलीनला सरकारी पत्र आलं. दुरुस्त केलेला अहवाल, त्यात कर्टिसबद्दल दोन ओळी: पाटी त्यानं नियमाप्रमाणे लावली होती, चूक त्याची नव्हती. सकाळी सातला, सगळे शेतकरी नाश्त्याला जमतात त्या वेळी, ती कॅफेत गेली आणि उभ्या उभ्या त्या दोन ओळी मोठ्यानं वाचल्या. कर्टिसच्या विसराळूपणावर महिनोन् महिने बोललेली तोंडं ताटांवर खाली झुकली होती. ऑरिन खिडकीजवळ एकटाच बसला होता. पत्राची घडी घालून ती त्याच्या टेबलाशी आली, समोरची खुर्ची ओढून बसली, आणि तिनं अंडी मागवली.