शिंप्याच्या कोटातला शहीद

गावाने शिंप्याला 'हुतात्मा' म्हणायला सुरुवात केली ती थट्टेने. पण पन्नास वर्षांत थट्टा झिजून गेली आणि नुसतं नाव उरलं. "हुतात्मा, पँटची उंची दोन बोटं कमी करा," असं गिऱ्हाईक खुशाल म्हणे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. नव्याने बदलून आलेला पोस्टमन तेवढा पहिल्या दिवशी दचकला होता. त्याने विचारलं, "हे हुतात्मा, तर मग चहा कोण पितंय?"

कारण साधं होतं. चौकात लढाईत पडलेल्यांचं स्मारक होतं, त्यावर सात नावं होती, आणि चौथं नाव शिंप्याचं होतं. ठसठशीत, वडिलांच्या नावासकट.

त्या लढाईत सरकारने घरटी एक तरुण मागितला होता. गावात भरतीच्या वयाची पोरं असलेली आठच घरं होती, म्हणून आठ जण गेले. एक परत आला, तो हा. शत्रूच्या कैदेत चौदा महिने काढून तो बसमधून चौकात उतरला तेव्हा स्मारक उभं राहून जेमतेम महिना झाला होता. त्याने ते वरपासून खालपर्यंत वाचलं. चौथ्या ओळीवर थांबला. पुन्हा वाचलं. मग घरी गेला, तर बायकोने दार उघडलं, एक किंकाळी फोडली, हातातला तांब्या त्याच्या कपाळावर नेम धरून हाणला आणि मग गळ्यात पडून रडली. कपाळावरची खूण अजून होती. लढाईत त्याला झालेली जखम कुठली, असं कुणी विचारलं की बायको तीच दाखवी.

नाव मात्र दगडावर राहून गेलं. खोडलं तर दगड विद्रूप होईल, असं तेव्हाचे अध्यक्ष म्हणाले. "आज ना उद्या तू मरणारच आहेस," त्यांनी समजूत घातली, "काम झालेलं असू दे."

आता दगडच खचला होता. शेवाळाने अक्षरं खाल्ली होती, सहावं नाव तर बोटांनी चाचपून वाचावं लागे. कमिटीने नवा दगड करायचं ठरवलं आणि अनावरणाला सैन्यातले एक निवृत्त बडे साहेब येणार होते. कमिटीचे आत्ताचे अध्यक्ष म्हणजे त्या जुन्या अध्यक्षांचे चिरंजीव. वय एकाहत्तर, पण आवाज वडिलांचा जसाच्या तसा. ते दुकानात आले, शिवणयंत्राशेजारच्या स्टुलावर बसले आणि घसा साफ केला.

"हुतात्मा, वाईट वाटून घेऊ नका. नव्या दगडावर सहाच नावं घेतोय. साहेब नावं वाचणार, आणि तुम्ही समोर हजर म्हणून हात वर केलात तर गावाचं हसं होईल."

शिंप्याने पायडलवरचा पाय काढला. यंत्र थांबलं. कॉलर अर्धी शिवलेली तशीच सुईखाली राहिली.

"माझं नाव काढा," तो म्हणाला. "पण ती जागा रिकामी ठेवायची नाही. तिथं दुसरा माणूस आहे."

"कुठला दुसरा?"

"कोंबड्या."

अध्यक्ष खो खो हसले. मग शिंपी हसत नाही हे पाहून थांबले.

कोंबड्या गावात कुठून आला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एका पावसाळ्याच्या शेवटी तो आला, शाळेमागच्या पडक्या खोलीत राहिला, आणि त्याच आठवड्यापासून गावातल्या कोंबड्या कमी होऊ लागल्या. नाव आपोआप पडलं. भरतीच्या वेळी तोही इतरांबरोबर गेला. कुणाला नवल वाटलं नाही, उलट बायकांनी सुटकेचा श्वास टाकला.

शिंप्याने ती गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा सगळी सांगितली. त्याने स्वतःच्या कोटाला आतून जाडजूड अस्तर लावलं होतं आणि अस्तरावर लाल दोऱ्याने आपलं पूर्ण नाव भरलं होतं, कारण पलटणीत कोट चोरीला जात. तसा कोट कुणाकडेच नव्हता. एका पहाटे कोंबड्याचा पहारा लागला. दात इतके वाजत होते की शत्रूला ऐकू जातील, असं बाकीचे म्हणाले. शिंप्याने कोट काढून त्याच्या अंगावर टाकला आणि त्याचं जाकीट स्वतः चढवलं. "परत दे बरं का," असं वर म्हणालाही. सूर्य उगवायच्या आत तोफगोळा पडला. कोटावरून ओळख पटली, शिंपी मेला असं लिहिलं गेलं. खरा शिंपी कोंबड्याचं फाटकं जाकीट घालून पकडला गेला. कोंबड्या बेपत्ता लिहिला गेला, आणि बेपत्ता माणसाची चौकशी करायला कुणीतरी असावं लागतं.

"आल्या आल्या मी तुमच्या वडिलांना सांगितलं होतं," शिंपी म्हणाला. "ते म्हणाले, चोराचं नाव शहिदांत? परत बोललास तर दातखीळ बसेल तुझी. खरंच बसली. तेव्हापासून मी गप्प आहे. म्हटलं, माझ्या नावाखाली का होईना, त्याला जागा आहे."

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "ठीक आहे. त्याचं खरं नाव सांगा, कमिटीपुढे ठेवतो."

 खरं नाव शिंप्याला माहीत नव्हतं. पलटणीतसुद्धा गावच्या पोरांनी कोंबड्याच रूढ केलं होतं, आणि पलटणीचे कागद कचेरीसकट जळून गेले होते.

"मग?" अध्यक्ष उठले. "स्मारकावर कोंबड्या कोरू? साहेब वाचतील, शेजारी सगळे आरवतील. चार दिवस आहेत. नाव नाही तर जागा नाही."

घरी शिंप्याने जेवणाचं ताट पुढे सरकवलं आणि हात धुतले. बायकोने विचारलं, त्याने सांगितलं. ती बोटांवर महिने मोजू लागली. 

"म्हणजे मी चौदा महिने त्याच्यासाठी रडले?"

"तसंच म्हणायचं."

"माझ्याही दोन कोंबड्या नेल्या होत्या मेल्याने." तिने डोळे पुसले. "अहो, पण एवढ्या कोंबड्या गेल्या, गावातलं एकही माणूस पोलिसांत गेलं नसेल? तक्रार असेल तर नाव असेलच की."

शिंपी तिच्याकडे बघतच राहिला. हजारो कॉलर, सात नावं आणि एक कोट यांत आयुष्य गेलं, पण डोकं मात्र घरात दुसऱ्याच माणसाकडे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोलीस चौकीत गेला. बरोबर नवा दगड कोरायला बोलावलेला पाथरवट आला. पाथरवट बोलघेवडा होता आणि दगडावर सहा नावं बसवायची की सात यावर त्याचं सगळं माप अडलं होतं. "सहा असतील तर मोकळं दिसेल," तो वाटेत सांगत होता, "सात असतील तर भरल्यासारखं. मला विचाराल तर मेलेल्या माणसाने दाटीवाटी सोसावी, वगळलं जाणं सोसू नये."

हवालदाराने वही पुढे ओढली. "काय चोरीला गेलंय?"

"कोंबड्या."

"कधी?"

"बावन्न वर्षं झाली."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. "काका, तुम्ही जरा सावकाशच आलात."

"कोंबड्या नकोत हो. नाव हवंय."

"कोंबडीचं?"

इथे पाथरवट मध्ये पडला आणि त्याने सगळं इतकं सविस्तर सांगितलं की हवालदार केवळ सुटका व्हावी म्हणून माळ्यावर चढला. वरून आधी धूळ आली, मग शिंका, मग एक मेलेली पाल आणि शेवटी उंदरांनी कडा कुरतडलेली रजिस्टरं. तिसऱ्या रजिस्टरात हवालदाराचं बोट थांबलं.

"ही घ्या. तीन कोंबड्या, एक कोंबडा. कोंबडा एका पायाने अधू. आरोपीचं नाव..." त्याने वाचलं.

नाव, वडिलांचं नाव, आडनाव. अगदी साधं होतं, कुठल्याही शाळेच्या हजेरीत दोनदा तरी यावं असं. खाली वाकडीतिकडी सही होती, म्हणजे गडी लिहायला शिकलेला होता. शिंप्याने ते नाव स्वतःशी एकदा उच्चारलं. मग जरा मोठ्याने. ज्या माणसाबरोबर एका ताटात जेवलो त्याला पहिल्यांदाच हाक मारल्यासारखं वाटलं, आणि त्याने उगाच खिडकीबाहेर पाहिलं.

"तक्रारदार कोण आहे ते पाहिलंत का?" पाथरवट म्हणाला.

तक्रारदार म्हणजे जुने अध्यक्ष. आणि पानाच्या तळाला, वेगळ्या शाईत, त्यांच्याच हातचं होतं: आरोपी आमच्या घरचा माणूस म्हणून भरतीस जाण्यास कबूल झाल्याने तक्रार मागे घेत आहे.

शिंप्याने ते तीनदा वाचलं. जुन्या अध्यक्षांच्या घरात त्या वेळी भरतीच्या वयाचा एकच मुलगा होता, एकोणीस वर्षांचा.

हवालदाराने शिक्का मारून नक्कल दिली. ती घेऊन दोघं अध्यक्षांच्या घरी गेले.  शिंप्याच्या मनात आलं, कागद फाडून टाकावा आणि नाव तेवढं सांगावं. म्हाताऱ्या माणसाला या वयात कशाला? पण अध्यक्षांनी दारातच विचारलं, "काही मिळालं का?" आणि हात पुढे केला, तेव्हा शिंप्याच्या हाताने कागद आपणहून देऊन टाकला.

अध्यक्षांनी उभ्याने वाचला. मग ओट्यावर बसून वाचला.

"नाही," ते म्हणाले. "मला डॉक्टरांनी नापास केलं होतं. माझे तळपाय सपाट आहेत."

"डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं?" शिंप्याने विचारलं.

"वडिलांनी सांगितलं. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं." त्यांनी पायातले जाड बूट दाखवले. "तेव्हापासून मी हे खास तळाचे बूट घालतो. डोंगर चढलो नाही. नाचलो नाही. पोरांच्या मागे धावलो नाही."

पाथरवटाला गप्प बसणं आता अशक्य झालं. "दगडवाल्याला कमान कळते साहेब. जरा बूट काढता?"

त्याने ओट्यावरच्या बादलीतलं पाणी फरशीवर ओतलं. अध्यक्षांनी मोजे काढले, ओल्यात पाय ठेवला आणि पुढच्या कोरड्या फरशीवर एक पाऊल टाकलं. सगळे वाकले. टाच होती, पाच बोटं होती, आणि मध्ये छान कोरडी, रुंद पोकळी.

"कमान आहे की!" पाथरवट म्हणाला. "पुलाला शोभेल अशी."

आतून अध्यक्षांची बायको आली, तिने ते पाऊल पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले. "आणि मी लग्नापासून म्हणतेय, चला जरा फिरायला."

 फरशीवरचं पाऊल कडेकडेने वाळत होतं. ते पूर्ण नाहीसं होईपर्यंत अध्यक्ष बघत राहिले.

"सात नावं कोरा," ते म्हणाले.

कमिटीत एकाने कुरकुर केलीच. चोराचं नाव इतरांच्या मांडीला मांडी लावून कसं बसवायचं, म्हणाला. अध्यक्षांनी रजिस्टरातलं पान वाचून दाखवलं, शेवटच्या ओळीसकट, स्वतःच्या तोंडाने. आवाज वडिलांचाच होता, पण वाचताना दोनदा फुटला. मग कुरकुर करणाऱ्याने खुर्ची सरकवून घेतली आणि दगडाला पॉलिश करायचं का, असं विचारलं.

अनावरणाच्या दिवशी बड्या साहेबांनी सात नावं वाचली. चौथं वाचलं तेव्हा गावातल्या निम्म्या लोकांनी एकमेकांना विचारलं, "हा कोण?" आणि उरलेल्या निम्म्यांनी सांगितलं. शिंप्याची बायको मात्र डोळ्याला पदर लावून मोठ्याने म्हणाली, "दोन्ही अंडी देणाऱ्या होत्या रे बाबा, पण जाऊ दे." साहेबांना ते काही कळलं नाही, पण त्यांनी टोपी काढली.

गर्दी पांगली. खुर्च्या गाडीत चढल्या. शिंपी घरी निघाला होता, पण अध्यक्ष स्मारकाच्या पायरीवर बसलेले दिसले म्हणून थांबला. त्यांनी साधी चप्पल घातली होती आणि ती अजून चावत असावी, कारण त्यांनी ती काढून बाजूला ठेवली होती.

"बसता का जरा?" त्यांनी विचारलं.

शिंपी बसला.

"कसा होता तो?"

 पन्नास वर्षांत हे शिंप्याला कुणी विचारलं नव्हतं.

"पत्ते वाईट खेळायचा," तो म्हणाला. "लबाडी करायचा, पण लबाडी करतोय हे तोंडावर दिसायचं. मग आम्ही मुद्दाम हरायचो. आणि गायचा. एकच गाणं, तेही अर्धं."

"कुठलं?"

शिंप्याने इकडेतिकडे पाहिलं. चौकात खुर्च्या मोजणारा माणूस होता, आणि कुणी नव्हतं. त्याने घसा खाकरला आणि गायला सुरुवात केली.